कोनशिला नसलेली बांधकामे
१९७२चा दुष्काळ आणि धाराशिव जिल्ह्यातील सार्वजनिक कामे

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात गर्दी होते ती पाणीमहाल पाहायला. बोरी नदीवर घातलेला दगडी बांध, त्या बांधाच्या पोटात महाल, आणि नदी भरून वाहू लागली की वरून कोसळणाऱ्या नर-मादी नावाच्या दोन धारा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे हे बांधकाम आहे. बांध कोणी बांधला असे विचारले की आपण राजाचे नाव सांगतो. दगड घडवणाऱ्यांची आणि वाहणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. चारशे वर्षांपूर्वी ती लिहून ठेवण्याची रीतही नव्हती.

याच जिल्ह्यात याहून कितीतरी मोठे बांधकाम अवघ्या पन्नास वर्षांपूर्वी झाले. ते पाहायला मात्र कोणी जात नाही. ते एका जागी नाही. शिवाराशिवारांत ते पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते होऊन पसरले आहे. १९७२च्या दुष्काळातल्या या कामांवर राबणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव रोज लिहिले जात होते. नाव, गाव, हजेरी, मोजमाप, मजुरी, आणि शेवटी अंगठा. नळदुर्गच्या बांधाला राजाचे नाव तरी मिळाले. या तलावांना ना राजाचे नाव मिळाले, ना मजुराचे. हे असे का झाले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

हा प्रश्न मला पडला तो अमेरिकेचा इतिहास वाचताना. १९२९च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. १९३३पर्यंत त्या देशातला दर चार कामगारांपैकी एक बेकार होता. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी लोकांना नुसती मदत वाटण्याऐवजी काम देण्याचे धोरण घेतले. त्यासाठी १९३५ साली ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ ही यंत्रणा उभी राहिली आणि हॅरी हॉपकिन्स तिचे प्रमुख झाले. १९४३ साली ती बंद झाली तोवर सुमारे ८५ लाख माणसांनी तिच्या कामांवर मजुरी केली होती. साडेसहा लाख मैलांचे रस्ते बांधले किंवा सुधारले गेले. सुमारे सव्वा लाख सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या किंवा दुरुस्त झाल्या. शाळा, दवाखाने, ग्रंथालये, नगरभवने आणि विमानतळ त्यात होते. आजही तिथल्या अनेक इमारतींच्या भिंतींवर आणि पदपथांच्या सिमेंटमध्ये या यंत्रणेची आद्याक्षरे आणि वर्ष कोरलेले दिसते. त्या खुणा शोधून त्यांच्या याद्या करणारी मंडळीही तिथे आहेत.

ते वाचताना मनात आले की बेकारीत आणि उपासमारीत आपल्याकडेही लाखो माणसे सरकारी कामावर गेली होती. मग आपल्या त्या इमारती कुठे आहेत? उत्तर शोधू लागल्यावर कळले की आपल्याकडे इमारती जवळजवळ झाल्याच नाहीत. त्याचे कारण आळस किंवा भ्रष्टाचार एवढेच नव्हते. ते नियमातच होते.

*

उपाशी माणसाला काम देऊन जगवायचे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. तिचे नियमात बांधलेले रूप मात्र इंग्रजी अमदानीतले. १८७६-७८च्या भीषण दुष्काळात मुंबई इलाख्यात मोठी कामे काढली गेली. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातला आष्टीचा तलाव, नीरेचा डावा कालवा, दौंड-मनमाड लोहमार्ग ही त्या काळात दुष्काळी मजुरांच्या हातून झालेली कामे. आज मनमाडच्या गाडीत बसणाऱ्याला आपल्या खालचा भराव कोणी टाकला याची कल्पनाही नसते.

त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली की दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा एवढेच हाती पडे. तेव्हा, १८७७च्या प्रारंभी, मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी, त्यांची बाजू लावून धरली. उपाशी माणसाने, मिळते ते काम नाकारून, पोटापुरती मजुरी मागावी ही तेव्हा राज्यकर्त्यांना उलट्या काळजाची गोष्ट वाटली. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळ कधी जाहीर करायचा, कामे कोणती काढायची, मोजमाप कसे घ्यायचे, मजुरी किती द्यायची, याचे कलमवार नियम त्यात आले.

आपला जिल्हा तेव्हा या व्यवस्थेबाहेर होता. नळदुर्ग हे जिल्ह्याचे नाव होते आणि राज्य निजामाचे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुख्य ठाणे धाराशिवला आले आणि पुढे मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून गावाचे आणि जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद झाले. अमेरिकेत मंदीतले बेकार शाळा बांधत होते त्याच सुमारास हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाची देखणी इमारत उभी राहत होती. ते राज्याच्या वैभवाचे काम होते, बेकारांसाठी काढलेले नव्हते. सप्टेंबर १९४८मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्याबरोबर मुंबई इलाख्याच्या दुष्काळ संहितेतून उतरत आलेले टंचाईचे नियम, आणेवारी, कामांच्या तयार याद्या हे सगळे आपल्यालाही लागू झाले.

*

१९७०पासून सलग तीन वर्षे पावसाने दगा दिला. १९७२चा पावसाळा तर जवळजवळ कोरडाच गेला. अहमदनगर, बीड, उस्मानाबाद, सोलापूर, औरंगाबाद हे जिल्हे होरपळून निघाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुकेही होते; लातूर जिल्हा वेगळा झाला तो ऑगस्ट १९८२मध्ये. जुनी माणसे सांगतात की तेव्हा धान्य नव्हते पण पाणी होते, आता धान्य आहे पण पाणी नाही. विहीर थोडी खोल केली की झरा लागत होता. कणगीत मात्र दाणा नव्हता आणि रेशनच्या दुकानात परदेशी लाल ज्वारी, म्हणजे मिलो, येत होती. तिच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली त्यांच्या तोंडावर ती अजून आहे.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारने मागेल त्याला काम द्यायचे ठरवले आणि कामांवरची हजेरी महिन्यागणिक वाढत गेली. मे १९७३मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. १९७१च्या गणनेनुसार राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे लेकरेबाळे, म्हातारेकोतारे, मुंबई-पुण्यातले नोकरदार असे सगळे धरून दर दहा माणसांतला एक जण हातात टिकाव किंवा डोक्यावर घमेले घेऊन उभा होता. रूझवेल्टच्या यंत्रणेवर १९३८च्या नोव्हेंबरात सर्वाधिक माणसे होती, ती सुमारे ३३ लाख. तिच्याआधी १९३३-३४च्या हिवाळ्यात चाललेल्या तात्पुरत्या योजनेवर ४२ लाख. तेही तेरा कोटींच्या आसपास वस्ती असलेल्या देशात. एका राज्याने एका उन्हाळ्यात त्याहून अधिक माणसे कामावर घेतली, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात एका ओळीनेही येत नाही.

या कामांनी माणसे जगली. इतक्या मोठ्या दुष्काळात भूकबळींची लाट आली नाही. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी भुकेवर लिहिताना महाराष्ट्राच्या या अनुभवाची आवर्जून नोंद घेतली आहे. मजुरी दिवसाला दोन-तीन रुपयांच्या घरात पडे. त्यात घर भागत नसे, पण घर मोडतही नसे. कामावर लेकरांना आणि मजुरांना सुकडी मिळे. बापजाद्यांपासून वीस-तीस एकरांचे धनी असलेले शेतकरीही रांगेत आले होते. गावाबाहेर काम करायला ज्या घरच्या बायका कधी निघाल्या नव्हत्या त्या पदर खोचून खडी फोडायला बसल्या.

*

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इमारती का झाल्या नाहीत?

दुष्काळी कामाचा हेतू मजुरी वाटणे हा असतो. खर्चाचा मोठा भाग अकुशल माणसाच्या हातात जायला हवा. शाळा बांधायची तर विटा, सिमेंट, लोखंड, लाकूड विकत घ्यावे लागते. गवंडी आणि सुतार लागतात. पैसा व्यापाऱ्याकडे आणि कारागिराकडे जातो, टोपली वाहणाऱ्याच्या वाट्याला थोडाच येतो. म्हणून ज्या कामात सामान कमी आणि अंगमेहनत जास्त तेच काम निवडायचे. पुढे रोजगार हमी योजनेत हे तत्त्व आकड्यात बसवले गेले : किमान ६० टक्के खर्च अकुशल मजुरीवर, सामानावर ४० टक्क्यांहून अधिक नाही. अमेरिकेच्या बेकारांत गवंडी होते, सुतार होते, वास्तुतज्ज्ञ आणि चित्रकारही होते; तिथे इमारती झाल्या आणि त्यांच्या भिंतींवर चित्रेही आली. आपल्या रांगेत शेतकरी आणि शेतमजूर होते. त्यांना माती आणि दगड कळत होता. म्हणून आपल्याकडे जे झाले ते माती-दगडाचे झाले, आणि आडवे झाले.

सुरुवातीला बहुतेक काम खडी फोडण्याचे होते. खडीकेंद्रावर दगड आणून टाकायचे, हातोड्याने फोडायचे आणि ठरलेल्या मापाचे ढीग लावायचे. पिढ्यानपिढ्या हा धंदा करणाऱ्या वडार समाजाला त्यातले कसब होते. बाकीच्यांनी बोटे ठेचून घेत ते शिकून घेतले. रस्त्यांना लागेल त्याहून कितीतरी जास्त खडी जमली. कित्येक ठिकाणी ते ढीग वर्षानुवर्षे पडून राहिले. टीका झाली आणि ती रास्त होती. मग जमिनीला उपयोगी पडतील अशा कामांवर भर आला : पाझर तलाव, नालाबंडिंग, शेतांची बांधबंदिस्ती.

पाझर तलाव हे आपल्या बालाघाटच्या उतारावरचे खास दुष्काळी बांधकाम. त्याला कालवा नसतो की पाणी सोडायचे दार नसते. ओढा अडवायचा, पाणी साठवायचे आणि ते जमिनीत मुरू द्यायचे. खालच्या अंगाच्या विहिरींना ते पाझरून येते. बांध घालायचा तर आधी पायाचा चर घट्ट थरापर्यंत खणतात. त्यात आणि बांधाच्या गाभ्यात पाणी न सोडणारी काळी माती भरतात. दोन्ही अंगांना मुरमाचे कवच घालतात. थरावर थर टाकायचा, पाणी मारायचे, धुमसाने किंवा रोलरने दाबायचे. पाण्याच्या बाजूने दगडांचे अस्तर, आणि एका टोकाला जादा पाणी जाण्यासाठी सांडवा. काळी माती कुठे घ्यायची, मुरूम कुठे, हे सांगायला अभियंता असे. पण थर नीट बसला की नाही हे शेतात हयात घालवलेल्या माणसाला पायाखालीच कळत होते.

माती मोजायची ती चौकडीवर. ठरावीक लांबी-रुंदीचा खड्डा, त्यात खोली मोजता यावी म्हणून मधे न खणता सोडलेला मातीचा खांब. गडी खणणार, बाई भरून वाहणार. माती किती लांब नेली आणि किती वर चढवली यावर दर. मुरूम कठीण लागला की चौकडी लहान पडे आणि पगार कमी येई. त्यावरून मुकादमाशी आणि मोजणी करणाऱ्या कारकुनाशी रोज वाद. मजुरी वेळेवर न मिळणे हे दुसरे दुखणे. १८७७च्या मजुरांचे भांडण आणि १९७३च्या मजुरांचे भांडण यात शंभर वर्षांचे अंतर असले तरी विषय एकच होता.

आणखी एक गोष्ट जाता जाता लक्षात येते. या तलावांत सर्वांत कच्चा राहिला तो बहुधा सांडवा आणि दगडी अस्तर. म्हणजे नेमका तो भाग, ज्याला सामान आणि कारागीर लागतात. १९७३ला पाऊस आला आणि माणसे आनंदाने आपापल्या शेतांकडे परतली. कामे जिथे होती तिथे थांबली. अर्धवट राहिलेले बांध पुढच्या पावसांत खचले, काही फुटले. ज्या नियमाने मजुरी वाटली त्याच नियमाने बांधकामाचा पक्का भाग मागे ठेवला.

*

या इतिहासातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट बायकांची आहे. अमेरिकेत एका कुटुंबातून एकालाच काम, तेही बहुधा कर्त्या पुरुषाला, असा नियम होता. त्यामुळे तिथल्या कामगारांत बायका फार थोड्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा शिवणकामाच्या केंद्रांवर होत्या. आपल्याकडे काम माणसागणिक मिळाले. कामांवर बायकांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते, कित्येक ठिकाणी पुरुषांहून अधिक. आपल्या नावाची वेगळी मजुरी, आपल्या अंगठ्याची वेगळी खूण, हे कितीजणींच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडले. सातबाऱ्यावर नाव नाही, घराच्या उताऱ्यावर नाव नाही, पण हजेरीपटावर नाव आहे, अशी ती वेळ होती. मराठवाड्यातल्या बायकांचा इतिहास लिहायचा तर या हजेरीपटाइतके मोलाचे साधन दुसरे क्वचितच सापडेल.

ते साधन तसे डोळे झाकून घेता येणार नाही, हेही खरे. कामावर नसलेल्यांची नावे घालून पैसे उचलल्याच्या तक्रारी तेव्हाही होत्या आणि पुढे रोजगार हमीतही राहिल्या. पण खोटी नावे घुसवावी लागली यावरूनच खऱ्या नावाला तिथे किंमत होती हे दिसते. सरकारी दप्तरात असे कागद कायम जपायच्या वर्गात धरले जात नाहीत. पैशांचा हिशेब तपासून झाला की त्यांचे काम संपते आणि मुदत भरली की ते नष्ट करता येतात.

दुसरी बोचणारी गोष्ट पाण्याची. तलाव झाला, पाणी मुरले, खालच्या विहिरींना आले. विहिरी ज्यांच्या होत्या त्यांचा ऊस उभा राहिला. माती वाहणाऱ्यांत विहीर असलेले किती आणि मुळात जमीन असलेले किती? ज्यांची शेते तलावात गेली त्यांचा प्रश्न वेगळाच. सगळ्यांनी मिळून बांधलेल्या गोष्टीचा लाभ सगळ्यांना सारखा मिळाला नाही, आणि हा हिशेब कोणत्याच हजेरीपटात मांडलेला नव्हता.

*

अमेरिकेची यंत्रणा महायुद्धाने बेकारी संपवताच गुंडाळली गेली. आपल्याकडे उलटे झाले. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५च्या सुमारास गावातच काम देण्याचा छोटा प्रयोग केला होता. त्यातून रोजगार हमी योजनेची कल्पना निघाली आणि १९७२ साली सरकारने ती स्वीकारलीही. लगेच दुष्काळ आला आणि दुष्काळी कामांनीच सगळी जागा घेतली. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला, म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी पैसा. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते मिळाले पाहिजे, हा खेड्यातल्या प्रौढ माणसाचा हक्क ठरला. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर हव्यात असे ठरले. २००५ साली देशाने हाच धागा उचलला.

पन्नास लाख माणसे उन्हात उभी राहून काम करताना सगळ्या राज्याने पाहिली नसती, तर हा कायदा झाला असता का? मला तसे वाटत नाही. दुष्काळातल्या मजुराची याचना आणि कायद्याने मागितलेले काम यांत जे अंतर आहे, ते चौकड्या खणणाऱ्या आणि मोजमापावरून भांडणाऱ्या माणसांनी कापले.

त्यानंतर जिल्ह्यात आणखी बरीच बांधकामे झाली. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात नवी गावेच्या गावे वसली. त्यांतल्या कित्येकांत देणगीदार संस्थांचे फलक आहेत, आणि ते असायलाच हवेत. अलीकडे तलावांतला गाळ काढण्याच्या योजना आल्या. डोक्यावरून घमेल्याने टाकलेल्या बांधाआतला गाळ आता पोकलेन आणि जेसीबी काढतात. योजनेचा फलक रस्त्यावरून दिसेल असा लावतात. त्याच्या मागचा बांध कोणी घातला हे मात्र कुठेच लिहिलेले नसते.

१९७२ला पंचविशीत असलेली बाई आज पंच्याहत्तरी ओलांडून पुढे गेली आहे. आपण कोणत्या तळ्यावर होतो, मुकादम कोण होता, चौकडी किती भरायची, लेकरू कोणत्या झाडाला झोळी बांधून निजवले, हे तिला आठवते. दहा वर्षांनी ते सांगणारे कोणी नसेल. अभिलेखागार उघडण्याची वाट न पाहता हे काम गावानेच करायला हवे. ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातल्या तलावाचे आणि रस्त्याचे वर्ष शोधावे. त्यावर काम केलेली जी माणसे हयात आहेत त्यांना एका ग्रामसभेत बोलवावे, त्यांना आठवतील तितकी नावे लिहून घ्यावीत, आणि बांधाच्या टोकाला, सांडव्यापाशी, एका साध्या दगडावर ती कोरावीत. खर्च फारसा नाही. दगड तर त्यांनीच फोडून ठेवला आहे.